उन्हाची पाळी

गुहागरला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बारामतीला जाऊन काय पाहिलंस?" देवळं पाहायची राहिली आणि मोठाल्या इमारती गाडीतून दिसल्या तेवढ्याच. मी पाहिली एक विहीर आणि त्या विहिरीवर नांदणारी दोन घरं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. विहीर काय पाहायची, आपल्या परसात आहे की! म्हणून म्हटलं, एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं.

निमित्त आमच्या वाडीचं होतं. नारळी-पोफळीला सौर पंप बसवावा की नाही, यावर आमच्या घरात केव्हापासून काथ्याकूट चाललाय. विहीर चुलतभावांत सामायिक, त्यामुळे एक हो म्हणाला की दुसरा नाही म्हणणार हे ठरलेलंच. शेवटी मी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, वैजूला फोन केला. ती शेतकी खात्यातून निवृत्त झाली, पण स्वस्थ बसेल ती वैजू कसली! एका लहानशा संस्थेबरोबर ती बारामती आणि इंदापूरच्या छोट्या शेतकऱ्यांना ठिबक आणि सौर पंप बसवायला मदत करते. म्हणाली, "फोनवर अक्कल मागू नकोस. चार दिवस ये आणि डोळ्यांनी बघ."

जळोची

वैजूचं घर जळोचीला. खिडकीच्या एका बाजूला नव्या बंगल्यांची रांग, दुसऱ्या बाजूला सरळ मक्याचं शेत. आमच्याकडे घर झाडांत इतकं बुडालेलं असतं की शेजाऱ्याचा फक्त आवाज येतो. इथे सगळं उघडं. आभाळ थेट जमिनीला टेकलेलं, आणि त्यात माघातलं ऊन. पहिल्या सकाळी मला उगाचच अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घेतल्यासारखं वाटलं.

वैजूने ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. मी भात कुठे दिसतो का म्हणून डोळ्यांनी शोधत होते, ते तिने बरोबर ओळखलं. "रात्री मिळेल तुझा भात. आता गुपचूप जेव, उन्हात हिंडायचंय." गुपचूप जेवले. भाकरी संपता संपता भाताची आठवण गेली, हे मात्र तिला सांगितलं नाही.

पणदरे

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, आणि प्रत्येकीवर ऊस असा रचलेला की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही. हवेत मळीचा गोडसर वास. पहिल्यांदा मला तो आवडला, दुपारपर्यंत नकोसा झाला.

पणदऱ्यात एका शेतकऱ्याने ठिबक पाहायला बोलावलं होतं. त्यांच्या एका रानात ठिबक होतं, दुसऱ्यात अजून पाटाने पाणी सोडलेलं. मी उत्साहाने उसात शिरले ती नेमकी दुसऱ्या रानात. तीन-चार पावलांत घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाय वर आला, चप्पल आली नाही. मालक स्वतः हात घालून शोधू लागले. "आवं ताई, ह्या रानानं आमच्या बी लई चपला खाल्ल्याती," म्हणाले. चप्पल काही मिळाली नाही. पुढचे सगळे दिवस मी वैजूचे, दोन बोटं मोठे बूट फटक फटक वाजवत हिंडले.

वैजूने मात्र माझ्या फजितीचा लगेच धडा केला. उसाच्या पुढच्या टोकाला जमिनीवर पांढुरकी साय धरली होती. ती बोटाने खरवडून म्हणाली, "हे मीठ. पाणी जास्त झालं की खालचं मीठ वर येतं. मग तिथे काही उगवत नाही." पाणी कमी पडून जमीन मरते हे मला ठाऊक होतं. जास्त पाजूनही मरते, हे पहिल्यांदाच पाहिलं. आमच्याकडे कोसळणारं पाणी समुद्राला जाऊन मिळतं आणि चैत्रात आम्ही कळशा घेऊन वणवण करतो. इथे कालव्याचं मोजकं पाणी, तर पुन्हा मिळेल की नाही या धाकापोटी ते इतकं पाजतात की रानच नासून जातं. एकूण शहाणपण दोन्हीकडे सारखंच.

अंथुर्णे

परतीच्या वाटेवर वैजूचा चेहरा जरा ओढलेला होता. म्हणाली, "उद्या अंथुर्ण्याला जायचंय. तिथे माझा पंप निघणार असं दिसतंय." पंप बिघडला का, विचारलं. "पंप उत्तम आहे. माणसं अडून बसलीत."

गोष्ट अशी. भानुदासतात्या आणि त्यांच्या धाकट्या भावाची बायको शालन यांची मिळून एक विहीर. धाकटा भाऊ मागेच वारला. तात्यांचा ऊस, शालनची पेरूची बाग. तात्यांची बायको, जनाक्का, लेकीच्या बाळंतपणाला दूर गेलेली. विहिरीवर वैजूच्या संस्थेने सौर पंप बसवून दिला, दोन्ही रानांत ठिबक केलं. आता तात्या म्हणत होते, सोलर कुचकामी आहे, उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. परवा मोटरवाल्याला बोलावलंय, जुनी विजेची मोटर परत बसवायची.

"बसवू देत की," मी म्हणाले.

"अगं, इथे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्री असते. ती दांडगी मोटर रात्रीत विहीर उपसून काढणार. सकाळी सोलरला ओढायला पाणी कुठलं? मग शालनलाही रात्रीच पाणी द्यावं लागणार. एकटी बाई, हातात बॅटरी, पायात साप. आता तर बिबट्याही फिरतो. नवरा गेल्यापासून ती अशीच दारं धरत होती." दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवत रानात उभं राहणं. "सोलर आल्यापासून ती रात्री घरात झोपते, निला. ते जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. विहीर दोन्ही रानांच्या मधोमध. शेजारी निळ्या प्लेटा उन्हाकडे तोंड करून उभ्या, आणि एका बाभळीखाली शालनची म्हैस. प्लेटांवर दव होतं, आणि नदीकडून आलेलं धुकं अजून पुरतं हटलं नव्हतं. तात्या बांधावर उकिडवे बसले होते. पांढरं धोतर, टोपी, आणि चेहऱ्यावर कोर्टात तारीख पडल्यासारखी नाराजी.

"बगा, म्याडम," त्यांनी उसाकडे बोट केलं. "पहिल्या सऱ्या भिजत्यात, शेवटाला थेंब न्हाय. तुमच्या प्लेटांत दमच न्हाय."

मी वैजूकडे पाहिलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता जरा थांब आणि दुपारी काय होतं ते बघ."

उन्हं चांगली तापली तेव्हा शालन पेरूच्या बागेतून आली. डोक्यावर पदर, कपाळावर घाम. तात्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हशीपुढे कडबा टाकत जरा मोठ्याने म्हणाली, "चार तास झालं म्हनायचं. कुनी व्हाल्व फिरवला का न्हाय, कुनास ठावं."

तात्या उठले, विहिरीवरचा व्हाल्व फिरवला आणि चालते झाले. पाणी शालनच्या बागेकडे वळलं. आणि काय जोर होता त्याला! बागेच्या पार टोकाच्या झाडापाशीसुद्धा टपटप थेंब पडत होते.

मी वैजूला म्हटलं, "ही म्हशीशी का बोलली?"

"थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही यांच्या घरची रीत. एरवी जनाक्का निरोप पोचवते. ती गेल्यापासून म्हैस."

मला आधी हसू आलं, आणि मग चीड. आमच्याकडे भावजय दिराला तोंडावर चार शब्द सुनावते आणि संध्याकाळी त्यालाच मासे तळून वाढते. इथे दोन घरांत एक विहीर, एक पंप, आणि बोलायला म्हैस! एवढ्याने भागलं असतं तर एक वेळ ठीक, पण खरी मौज पुढे होती. तीन वाजता शालनने पंपच बंद केला. डोक्यावर ऊन रणरणतंय, प्लेटा तापल्यात, आणि पंप बंद!

"का हो?" मी न राहवून विचारलं.

"आट तास झालं की, ताई."

वैजूने कपाळाला हात लावला. मग तिच्याकडून सगळं उलगडलं. पूर्वी विजेची मोटर होती तेव्हा लाईट आठ तास असायची. भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलं होतं, पहिले चार तास थोरल्याचे, पुढचे चार धाकट्याचे. लाईट सगळा वेळ सारखीच, त्यामुळे वाटणी चोख होती. सोलर आला तरी ती वाटणी जशीच्या तशी राहिली. सूर्य उगवला की थोरल्याचे चार तास सुरू. म्हणजे धुकं, दव आणि कोवळं ऊन तात्यांना, आणि भर दुपार शालनला. उरलेला दिवस कुणालाच नाही, कारण वडिलांच्या वाटणीत तो नव्हता.

"मग तात्यांना हे सांग ना!"

"सांगितलं. दुपारची पाळी तुम्ही घ्या, सकाळची तिला द्या, असं मी म्हणाले. तर ते उठून उभे राहिले. थोरल्या घराची पहिली पाळी धाकट्याला द्यायची? बाप वरून बघतोय म्हणाले. त्या दिवसापासून प्लेटांत दोष काढतायत."

पंप बंद झाल्यावर, उशिराच, शालनच्या ओसरीवर जेवलो. गरम भाकरी, ठेचा, दही, आणि झाडावरून तेव्हाच काढलेले पेरू. पिठलं असं होतं की मी लाज सोडून तिसऱ्यांदा घेतलं. शालन पन्नाशीच्या आतबाहेरची, बोलायला मोजकी. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणतो रान वाट्याने दे आणि ये. ती जात नाही.

मी तिला सरळच विचारलं. "तात्यांना पाणी का पुरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय की. पयल्या आठवड्यातच कळलं."

"मग?"

"मग काय? मी सांगायचं? आन् सांगून त्यांचं चुकलं असं दिसायचं?" ती भाकरी थापता थापता थांबली. "ताई, आमचं मालक गेलं तवा माज्या भावांनी माहेरी न्यायला गाडी आणली हुती. थोरल्यांनी अक्कांच्या तोंडून निरोप धाडला, धाकटीचं रान धाकटीचंच, कुनी हात लावायचा न्हाय. एक बांद इकडचा तिकडं झाला न्हाय. त्यांना कमीपना येईल असं माज्या तोंडून जायचं न्हाय."

"आणि रात्री परत रानात जायला लागलं तर?"

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग हळूच म्हणाली, "तेवडं नगं वाटतं. लई भ्या वाटतं रातीचं. कुनाला बोलले न्हाय, पर वाटतं."

त्या बाईने हे मला सांगितलं आणि माझा जीव कळवळला. मी पदर खोचला. म्हटलं, आत्ता जाते आणि त्या तात्यांना रोखठोक सांगते. शालनने पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"तसं न्हाय. तुमी निरोप न्या. पर मी सांगते तसाच न्यायचा. त्यातला शबूद बदलायचा न्हाय."

आणि तिने निरोप सांगितला. ऐकून वैजूने माझ्याकडे पाहिलं, मी वैजूकडे.

संध्याकाळी तात्या त्यांच्या अंगणात खाटेवर बसले होते. मी समोर जाऊन बसले, बूट फटक फटक वाजवत. शालन कुडाच्या पलीकडे कडब्याच्या गंजीआड उभी. ती तिथे आहे हे तात्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तिघांनीही ठाऊक नसल्यासारखं केलं. मी लहानपणी नाटकात काम केलंय, पण एवढा ताण तेव्हाही आला नव्हता.

"तात्या, शालनताईंचं एक मागणं आहे."

"बोला, पाव्हनीबाई."

"त्या म्हणतात, त्यांना रोज रोज पाणी धरायला जमत नाही. म्हैस आहे, दूध घालायचं असतं, बागेत कामाला बायका लावायच्या असतात. एकट्या पडतात. तर रोज चार-चार तासांऐवजी एक दिवस आड पाळी करा. एक अख्खा दिवस तुमचा, उगवतीपासून मावळतीपर्यंत, आणि एक त्यांचा. ठिबकला एखाद दिवस आड चालतं असं वैजूबाई म्हणतात. मोटरवाल्याला बोलवण्याआधी एवढं करून बघावं, अशी विनंती आहे."

तात्यांनी चंची काढली, पान लावलं, सुपारी कातरली. आमची पोफळीची माणसं पान लावायला एवढा वेळ घेत नाहीत. मी मनात म्हटलं, म्हातारबाबा, आता बोला काहीतरी.

"तिला झेपत न्हाय, असं म्हनते?"

"हो."

"हं." पान तोंडात गेलं. "आन् पयला दिस कुनाचा?"

"तुमचाच. थोरल्या घराचा."

त्यांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. मग त्यांनी मान हलवली. "तिची अडचन हाय म्हनल्यावर मोडता कशापायी घालायचा? मोटरवाल्याला सांगतो, थांब म्हनून. बगू चार दिस."

शालनच्या वाटणीतली दुपार, सगळ्यांत भरघोस पाण्याची, तिने आपल्या हाताने अर्धी देऊन टाकली होती, आणि वर त्याला स्वतःची अडचण म्हटलं होतं. परत येताना वैजूने गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "मी हेच बोलले असते तर भांडण झालं असतं."

परत अंथुर्णे

तात्यांचा दिवस लख्ख उन्हाचा निघाला. सकाळी पाणी हळूच आलं, पण दुपारी जोर धरला आणि तीननंतरही थांबलं नाही. तात्या उसाच्या शेवटच्या सरीला गेले ते कितीतरी वेळ आलेच नाहीत. मी शोधायला गेले तर हे गृहस्थ नळीच्या थेंबाखाली तळहात धरून बसलेले. मला पाहून हात झटकला. "प्लेटा जरा सुदारल्या म्हनायच्या," म्हणाले. प्लेटा! मी ओठ आवळून हसू दाबलं. संध्याकाळी त्यांनी आमच्यासाठी शेवटच्या हुरड्याची चार कणसं भाजली, हातावर मळून गरम गरम दाणे दिले. आमच्याकडे पाहुण्याला शहाळं देतात. कोवळी ज्वारी राखेतून काढून तळव्यावर ठेवण्यात जी जवळीक आहे ती शहाळ्यात नाही, हे मला आमच्या वाडीच्या इज्जतीची पर्वा न करता कबूल करावं लागेल.

दुसरा दिवस शालनचा, आणि माझा निघण्याचा. सकाळी उठून पाहते तर आभाळ गच्च. पाऊस नाही, नुसतं राखाडी झाकण. आम्ही पोचलो तेव्हा पंप जेमतेम कण्हत होता. बागेतल्या पहिल्या दोन ओळी ओल्या, पुढच्या कोरड्या. पेरूच्या नव्या बहराची फळं आता कुठे धरू लागलेली, त्यांना नेमकं पाणी हवं. आदल्या दिवशीही तिच्या बागेला पाणी नव्हतं. आजचं असं, उद्या पुन्हा तात्यांचा दिवस. मला इतकं वाईट वाटलं की मी आभाळालाच दोन शिव्या घातल्या.

"आसूं द्या ताई," शालन म्हणाली. "आभाळ का कुनाच्या हातात हाय?" पण ती दिवसभर परत परत प्लेटांकडे बघत होती. वैजूही हिरमुसली होती. तिच्याकडे आभाळावर इलाज नव्हता.

दिवस कलला. आम्ही शालनच्या दारात खाटेवर चहा घेत होतो, निघायच्या बेतात. बांधावरून तात्या आले. मी सावरून बसले, म्हटलं, निरोप असेल, मी आहेच. पण त्यांनी माझ्याकडे नुसती मान हलवली आणि पुढे गेले. बाभळीखाली म्हशीपाशी थांबले. तिच्या पाठीवर हात ठेवला. जनाक्का गेल्यापासून शालन त्या म्हशीशी बोलत होती. तात्या आज पहिल्यांदा बोलले.

"सांग तुज्या मालकिनीला," ते म्हणाले. आवाज ओसरीपर्यंत यावा इतका होता. "आज ऊन न्हवतं. आजचा दिस धरायचा न्हाय. उद्या बी तिचीच पाळी."

शालन दारात आली. पदर पुढे ओढला. मग तीही म्हशीकडे बघून म्हणाली, "इचार त्यांना. उसाचं काय?"

तात्यांनी म्हशीची पाठ थोपटली.

"ऊस थांबल म्हनावं. ऊस थोरला हाय."

आणि आल्या बांधाने ते परत गेले. म्हैस कडबा खात होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी काही लपवलं नाही. शालनने माझ्या हातातली गार झालेली कपबशी घेतली आणि दुसरा चहा ठेवायला आत गेली.